पंप एअर घेतोय

माझ्या सासऱ्यांना माणसं ऐकू येत नाहीत, यंत्रं ऐकू येतात. जेवायला बोलवायचं तर तीन हाका माराव्या लागतात आणि चौथीला ते "काय?" म्हणून विचारतात. पण शेजारच्या इमारतीत पाण्याची मोटर सुरू झाली, की वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगतात, "बेअरिंग गेलंय तिचं. महिनाभर काढेल." महिन्याच्या आत मोटर बसते. शेजारी हल्ली आमच्याकडे जरा संशयाने बघतात.

चौतीस वर्षं ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होते. नदीकाठी एक लांबट खोली, तिच्यात तीन मोठे पंप आणि वीज गेली तर म्हणून एक डिझेलचा सेट. खाली विहीर, वर टेकडीवर टाकी. खालचं पाणी वर चढवायचं आणि ते चढतंय का, हे दर तासाला वहीत लिहायचं, एवढंच काम. "एवढंच" असं मी लग्न ठरताना एकदा म्हणालो होतो. त्यांनी मला पंपघरात नेलं, हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला टेकवलं, मूठ माझ्या कानाला लावली आणि विचारलं, "काय म्हणतोय?" मला नुसती घरघर ऐकू आली. "छान चाललंय म्हणतोय," मी ठोकून दिलं. "वंगण हवंय म्हणतोय," ते म्हणाले आणि आपल्या मुलीकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की पोरी, अजून वेळ गेलेली नाही. पोरीने ऐकलं नाही.

मी त्यांना मामा म्हणतो. पंपघरातले लोक 'प्रेशर' म्हणायचे, कारण जगातली प्रत्येक गोष्ट ते दाबात मोजतात. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आले होते, तेव्हा मुख्याध्यापकांचं भाषण पाच मिनिटं ऐकून ते माझ्या कानात म्हणाले, "आवाज आहे, प्रेशर नाही." मी त्या शाळेत चित्रकला शिकवतो. मला नोकरी टिकवायची होती, म्हणून मी खोकलो.

निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. एक ट्रंक, तो स्क्रूड्रायव्हर, पान्यांचा एक संच आणि शंभरपानी वह्यांचा गठ्ठा. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे गळके नळ बंद केले, दुसऱ्यात न गळणारेही उघडून पाहिले. तिसऱ्या आठवड्यात करायला काही उरलं नाही. मग ते मागच्या खोलीत आपल्या गादीवर बसून राहू लागले. रिकामा बसलेला सासरा आणि वातावरणाचा दाब यांचा संबंध कुणीतरी अभ्यासायला हवा. मला तो दाब चांगलाच जाणवत होता.

अभ्यास चालला होता तो भलताच. माझी बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने पीएचडी करायला घेतली. विषय असा, की रोपांची मुळं पाण्यातले क्षार आत कसे ओढतात. टोमॅटोची रोपं मातीऐवजी क्षारांच्या पाण्यात वाढवायची आणि त्यांनी रोज किती क्षार खाल्ले ते यंत्राने मोजायचं. पहिली चाळीस रोपं बुरशीने गेली. दुसरी चाळीस गेली, कारण सुटीत कॉलेजच्या शिपायाने इमानेइतबारे सगळे दिवे-पंखे बंद केले आणि त्याच बटणावर तिचे पंपही होते. आता तिसरी चाळीस तिने घरी आणली होती. बिनपगारी रजेचे दोनच महिने मिळाले होते आणि तिच्या गाईड बाईंनी बजावलं होतं, की महिनाअखेर प्रबंधाचं प्रकरण हातात आलं नाही तर नोंदणी रद्द होईल. घरात रिकामी जागा एकच होती. दोन निळे टब मामांच्या खोलीत गेले, त्यांच्या गादीपासून अडीच हातांवर.

टबांवर थर्माकोलची झाकणं, प्रत्येकात वीस भोकं, प्रत्येक भोकात एक रोप, मुळं खाली पाण्यात. प्रत्येक टबाला मुठीएवढा एक पंप, टबातलं पाणी घेऊन टबातच परत सोडणारा. त्या पंपाकडे बघून मामांच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते हत्तीच्या निवृत्त माहुताला शेळी राखायला दिल्यावर येत असावेत.

"बाबा, ह्यांना हात लावायचा नाही," बायको म्हणाली.

"खेळण्यांना मी हात लावत नाही," मामा म्हणाले.

प्रबंधातल्या आकृत्या काढायचं काम अर्थातच फुकटात माझ्याकडे होतं. एका सकाळी मी मुळाची एक पेशी मोठी करून काढत होतो. पेशीचं पातळ आवरण, त्यात मधेमधे ठोकळे, आणि ठोकळ्यांवर बायकोच्या अक्षरात शब्द: पंप. मामा चहाचा कप घेऊन मागून चालले होते. ते थांबले.

"हे काय लिहिलंय?"

"पंप."

"झाडात?"

बायको चार वर्षं कुणीतरी हा प्रश्न विचारायची वाट बघत असावी. मी कधी विचारला नव्हता. ती खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली. बाहेर पाण्यात पोटॅशियम थोडं असतं, पेशीच्या आत त्याच्या कितीतरी पट. नुसतं सोडून दिलं, तर जिथे दाटी आहे तिथून ते मोकळ्या जागी पसरेल, म्हणजे आतलं बाहेर येईल. तरी पेशी बाहेरचं आत ओढत राहते.

"म्हणजे विहीर खाली, टाकी वर," मामा म्हणाले. "उताराला आपोआप. चढाला पंप."

"अगदी तसंच. ह्यालाच सक्रिय वहन म्हणतात. त्याला शक्ती खर्च करावी लागते."

"किती हॉर्सपॉवर?"

बायकोने तो प्रश्न मोठ्या मनाने ओलांडला. हे पंप हायड्रोजनचे कण, म्हणजे प्रोटॉन, पेशीच्या बाहेर ढकलतात, ती म्हणाली. बाहेर गर्दी झाली, की ते कण परत आत यायला धडपडतात. पण आवरणात काही दारं अशी आहेत, की तिथून एकट्याला प्रवेश नाही. येताना एक नायट्रेट बरोबर घेऊन ये, तरच आत.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे रविवारी सकाळी हिने पिशवी देऊन बाहेर काढलेले तुम्ही."

हे उदाहरण बायकोला इतकं आवडलं, की रजेनंतर तिने ते वर्गात सांगितलं. आता तिचे विद्यार्थी मला बाजारात भेटले, की नमस्कार करताना हसतात.

मामांचं मात्र समाधान झालं नव्हतं. "ऑपरेटर कोण?"

"कुणी नाही."

"ऑटोमॅटिक. बरं. असे पंप किती?"

"एका पेशीत लाखोंनी असतील."

"आणि वीज?"

"एटीपी नावाचा पदार्थ असतो, तो पुरवतो," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. वीज कुठून येते ते राहून गेलं. ह्या राहून जाण्याने पुढे आमच्या घरात जे काही झालं, त्यासाठी मी आजही टेलिफोन खात्याला जबाबदार धरतो.

त्या दिवसापासून मामा बदलले. लाखो पंप आणि एकही माणूस ड्युटीवर नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्यांनी नवी शंभरपानी वही काढली, तिच्यात रकाने आखले आणि दर तासाला टबांपाशी जाऊन काहीतरी लिहू लागले. पाण्याची पातळी, पंपाचा आवाज, खोलीचं तापमान. हात लावायचा नव्हता, बघायला मनाई नव्हती. बायकोला वाटलं, बरं झालं, बाबांचा वेळ जातोय. मलाही तेच वाटलं, आणि मी सुखाने चित्रं काढत बसलो.

टबांच्या पंपांत एक गोष्ट अशी होती, जी चौतीस वर्षं मुरलेल्या ऑपरेटरला सहन होणं शक्य नव्हतं. पाणी परत सोडणाऱ्या नळीला एक बारीक भोक होतं, त्यात एक केसभर नळी खोचलेली, तिचं दुसरं टोक हवेत उघडं. पाणी जोरात गेलं, की त्या नळीतून हवा ओढली जाई आणि टबात बुडबुड बुडबुड असा आवाज दिवसरात्र चाले. आता पंपघरात बुडबुड आवाज म्हणजे काय, हे मामांना झोपेतून उठवून विचारा. कुठेतरी फट आहे आणि पंप पाण्याबरोबर हवा खेचतोय. त्यांच्या भाषेत, पंप एअर घेतोय. एअर घेतलेला पंप पाणी सोडतो, तापतो, शेवटी जळतो. ऑपरेटरच्या हातून घडू शकणारं ह्यापेक्षा मोठं पाप नाही.

त्यांनी सहा दिवस कळ काढली. सातव्या दिवशी, सोमवारी, बायको कॉलेजच्या ग्रंथालयात आणि मी शाळेत असताना, त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, दोन्ही टबांच्या त्या भोकांवर गुंडाळला आणि मेण लावलेल्या दोऱ्याने असा आवळून बांधला, की वाऱ्यालाही आत जायला लाज वाटावी. बुडबुड थांबली. पाणी गुळगुळीत वाहू लागलं. वहीत त्यांनी लिहिलं: ११.४०, दोन्ही पंप एअर घेत होते, दुरुस्त केले. आणि आम्हाला सांगितलं नाही. गाजावाजा करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पंपांची घरघर चालूच होती आणि बांधलेला तुकडा टबामागे भिंतीकडे होता, त्यामुळे आमच्या कानांना आणि डोळ्यांना काहीच कळलं नाही.

बुधवारी बायकोने टबाचं पाणी मोजलं आणि तिच्या कपाळावर आठी उमटली. रोज थोडेथोडे कमी होणारे क्षार जिथल्या तिथे होते. गुरुवारी तेच. रोपं जेवायचीच थांबली होती. ताट वाढलेलं आणि पानावर बसलेले चाळीस जण ढिम्म. शुक्रवारी खालची पानं पिवळी पडली. तिने क्षार आणखी घातले. रविवारी रोपांनी माना टाकल्या, तीही पाण्यात उभं राहून. तिने एक मूळ उपसून पाहिलं, ते टोकाला तपकिरी झालं होतं.

मग ती माझ्याकडे वळली. "खरं सांग. ब्रश धुतलास ना त्यात?"

हा आरोप खोटा होता, पण निराधार नव्हता. पहिली रोपं कॉलेजात होती, तेव्हा तिथे बसून आकृती काढताना मी एकदा, फक्त एकदा, चित्रात दंग होऊन निळा ब्रश टबात खळबळून घेतला होता. तेव्हापासून घरात एखादं फूल सुकलं तरी माझी चौकशी होते. मी शपथा घेतल्या. तिने माझे ब्रश मोजले. दोन दिवस मला चहा स्वतः करून प्यावा लागला. मामा मला एकदा बाजूला घेऊन समजुतीने म्हणाले, "चूक झाली असेल तर कबूल करून टाका, जावईबापू. मोकळं वाटतं."

मंगळवारी सकाळी बायकोने दोन्ही टबांतलं सगळं पाणी बदललं, वेगळ्या प्रकारचे क्षार घातले आणि ती रडवेल्या तोंडाने कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. त्या दिवशी शाळेला सुटी होती. माझ्यावरचा आळ धुऊन काढायला मी निमूटपणे पुढची आकृती काढायला बसलो. मामा समोर येऊन बसले.

"ती वीज कुठून येते ते राहिलंच," ते म्हणाले.

मी बायकोचं टिपण काढून वाचलं. "एटीपी पेशीतच तयार होतो. साखर जाळून."

"जाळून?" मामांनी कप खाली ठेवला. "म्हणजे हा विजेवरचा पंप नव्हे. हा डिझेल सेट आहे."

"तसं म्हणा."

"मग त्याला हवा लागत असणार."

मी पुढचं वाक्य वाचलं. मुळांच्या पेशींना लागणारा प्राणवायू मुळांना भोवतीच्या मातीतून किंवा पाण्यातून मिळतो. तो न मिळाल्यास एटीपी तयार होणं मंदावतं आणि क्षार आत ओढणारे पंप बंद पडू लागतात.

 माझ्याकडे न बघता मामा म्हणाले, "एकदा आमच्या डिझेल सेटच्या हवेच्या तोंडावर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं. टाकी डिझेलने भरलेली, आणि सेट गुदमरून बंद." ते उठले. मी मागोमाग गेलो. त्यांनी ट्रंकेतून ब्लेड काढलं आणि दोन्ही टबांवरचे दोरे कापले.  बुडबुड सुरू झाली. माझ्या दोन दिवसांच्या चहाचा हिशोब मला तिथल्या तिथे लागला.

"मीच सांगेन तिला," ते म्हणाले. "तुम्ही मधे पडू नका."

मी मधे पडलो नाही, पण बाजूला उभं राहून मजा बघायला मला कुणाची बंदी नव्हती. "मामा, आज काय छान हवा सुटलीय," असं मी जेवताना म्हणे. "मोकळं वाटतं ना?" मामा घास गिळत. तीन दिवस गेले. रोपांनी माना उचलल्या. अकरा मेली, पण बाकीची जेवू लागली. बायको आनंदाने नाचायचीच बाकी होती. सगळं श्रेय तिने नव्या क्षारांना दिलं आणि शुक्रवारी संध्याकाळी चहाच्या वेळी तिने नवीन लिहिलेलं पान आम्हाला वाचून दाखवलं. क्षारांचा प्रकार बदलताच मुळांचं शोषण पूर्ववत झालं, असं त्यात होतं. ते पान उद्या गाईड बाईंकडे जाणार होतं.

माझी मजा तिथे संपली. मामांनी गप्प बसायचं ठरवलं असतं, तर कुणालाच काही कळलं नसतं. मी तोंड उघडणार नव्हतो. तिचं प्रकरण वेळेत गेलं असतं, नोंदणी वाचली असती.

"ते खोटं आहे, पोरी," मामा म्हणाले.

त्यांनी वही आणली आणि तिच्यासमोर उघडून ठेवली. ११.४०, दुरुस्त केले. त्याच्या आठ दिवसांनंतर, मंगळवार, ४.०५, दुरुस्ती काढली, चूक माझी. ती दोन्ही ओळी पुन्हापुन्हा वाचत राहिली. मग तिने ते पान फाडलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या रात्री ती रडली आणि भांडली, दोन्ही माझ्याशी, कारण वडिलांशी भांडायची तिला सवय नव्हती. सकाळी उठून पाहिलं, तर मामांनी गादी उचलून बाहेरच्या खोलीत आणून टाकली होती. टबांच्या खोलीत ते पाय टाकेनात. वही ट्रंकेत गेली. मला त्यांची इतकी दया आली, की मी हवेवरचे विनोद बंद केले.

गाईड बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हे प्रकरण असं घेता येणार नाही, त्या म्हणाल्या. पण झालंय ते मुद्दाम करून दाखवा, एक टब हवेचा, एक बिनहवेचा, शेजारी शेजारी. सहा आठवडे देते. त्यानंतर मात्र मी काही करू शकत नाही.

चौथी चाळीस रोपं लागली. ती हातभर झाल्यावर बायकोने एका टबाची नळी बंद करायला घेतली. चिकटपट्टी लावली, बुडबुड चालूच. मेण ओतलं, तरी चालूच. च्युइंगम मी सुचवलं, त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी ती बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"बाबा, एक टब बंद करून द्या. तेव्हा केला होतात तसाच."

"माझ्याच्याने नाही व्हायचं," मामा म्हणाले. "तेव्हा मला माहीत नव्हतं."

"तुमच्याशिवाय कुणाला जमत नाहीये."

"किती दिवस?"

"सात."

 मामा उठले, ट्यूबचा तुकडा कापला आणि दोरा आवळला. बुडबुड थांबल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. गादी त्यांनी पुन्हा आत नेली आणि वही बाहेर काढली. पहिल्या दिवशी ते त्या टबाकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी खालचं एक पान पिवळं झालं, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "सातच का? चालत नाही का कमी?" मी म्हणालो, शास्त्र आहे, मामा. मला शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण नोंदणी रद्द म्हणजे काय, ते कळत होतं. चौथ्या संध्याकाळी बायकोने दोन्ही टबांची मोजणी केली आणि मामांकडे बघत बघत खोलीबाहेर गेली.

पाचव्या सकाळी मी जागा झालो तो बुडबुडीने. दोन्ही टबांतून.  बायको माझ्याआधीच खोलीच्या दारात पोचली होती. मामा टबाशेजारी बसले होते, मांडीवर उघडं ब्लेड.

"सहा दहाला उघडला," ते म्हणाले. "वहीत लिहिलंय. तुझी नोंदणी जाईल, कळतंय मला. पण पंप बंद पडलाय हे माहीत असताना मी शेजारी बसून राहू शकत नाही. काय बोलायचंय ते बोल."

बायको त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. तिने वही ओढून घेतली, सहा दहाची नोंद वाचली आणि खाली आपली सही केली.

"मला चारच दिवस हवे होते, बाबा. कालच पुरे झाले. आज सकाळी मीच उघडणार होते."

"सात म्हणालीस."

"चार म्हटलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी उघडला असतात."

"चार म्हणाली असतीस, तर मी चार थांबलो असतो."

तिने वही मिटून त्यांच्यापुढे सरकवली. मामांनी ब्लेड कागदात गुंडाळलं, खिशात टाकलं.

"नसतो," ते म्हणाले.